बॅट वाढत्या अंगाची घेऊ नये

पत्र : माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे. सप्टेंबरपासून नववीत, म्हणजे हायस्कूलमध्ये गेला. उंची पाच फूट पाच इंच, वजन ११८ पौंड. बेसबॉल खेळतो. उजव्या हातानं बॅटिंग करतो, सेकंड बेसला (दुसऱ्या तळाजवळ) फील्डिंग करतो. मार्चमध्ये शाळेच्या ट्रायआउट्स, म्हणजे संघनिवडीच्या चाचण्या, आहेत आणि त्यासाठी आता ‘बीबीकॉर’ बॅटच लागते असं तो म्हणतो. मित्राकडे ४५० डॉलरची, ३३ इंची कॉम्पोझिट बॅट आहे, याला तीच हवी. आमचे मिस्टर मुंबईत क्रिकेटची कांगा लीग खेळलेले. त्यांचं म्हणणं, घ्यायचीच तर मोठी घेऊ, चार वर्षं पुरेल. सचिनसुद्धा जड बॅटनंच खेळायचा. सांगलीहून सासऱ्यांनी ‘नातवाच्या बॅटला’ म्हणून पैसे पाठवलेत. मला यातलं काही कळत नाही. गेल्या वर्षीची ३१ इंची, २३ औंसाची बॅट घरात धडधाकट पडून आहे. ती का चालत नाही? आणि नवी घेताना काय बघायचं?
— एक आई, न्यू जर्सी

ताई, नमस्कार.

आधी उत्तर सांगते, मग कारणं. ३३ इंची बॅट घेऊ नका. ४५० डॉलरही घालवू नका. ३१ इंच लांब, २८ औंस वजनाची, एकसंध अलॉयची म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची, ‘बॅलन्स्ड’ म्हणून विकली जाणारी बॅट घ्या. दोनशे डॉलरच्या आसपास चांगली मिळते. आणि ट्रायआउट्सची वाट न बघता याच महिन्यात घ्या. का ते पुढे येईलच.

घरातली बॅट का चालत नाही, हा तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. अमेरिकेतल्या हायस्कूलच्या खेळांचे नियम एनएफएचएस ही राष्ट्रीय संघटना ठरवते. १ जानेवारी २०१२ पासून तिचा नियम असा आहे की लाकडी सोडून बाकी प्रत्येक बॅटवर बीबीकॉर ०.५० चा शिक्का हवा. बीबीकॉर म्हणजे बॅटवरून चेंडू किती उसळतो याचं माप. कॉलेजांना हाच नियम एक वर्ष आधी लागू झाला. शिवाय बॅटच्या लांबीचे इंच आणि वजनाचे औंस यांत तीनपेक्षा जास्त फरक चालत नाही. मुलं याला ‘ड्रॉप थ्री’ म्हणतात. तुमच्याकडची बॅट ३१ इंच आणि २३ औंस, म्हणजे ड्रॉप एट. लहान मुलांच्या लीगमध्ये ती बरोबर होती, हायस्कूलमध्ये बेकायदा. सामन्यात अशी बॅट घेऊन उभा राहिला आणि पकडला गेला तर अंपायर त्याला सरळ बाद देतो, आणि कोचलाही त्याची झळ बसते.

हा नियम आला त्याचं कारण पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू. धातूच्या आणि कॉम्पोझिटच्या (कार्बनच्या तंतूंच्या) पोकळ बॅटचा पत्रा चेंडू लागल्यावर किंचित आत दबतो आणि परत बाहेर येताना चेंडूला ढकलतो. त्या जास्तीच्या ढकलण्यामुळे चेंडू इतक्या वेगानं परत यायचा की पिचरला हातमोजा वर करायलाही वेळ मिळत नसे. बीबीकॉरच्या चाचणीत स्थिर ठेवलेल्या बॅटवर यंत्रानं चेंडू मारतात आणि उसळी मोजतात. ती एका मर्यादेच्या वर गेली की बॅट नापास. मर्यादा अशी बेतली आहे की धातूची बॅटसुद्धा जवळपास चांगल्या लाकडी बॅटसारखीच वागावी.

आता यातून निघणारी गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण तुमच्या पैशांचा प्रश्न इथेच सुटतो. शिक्का असलेली प्रत्येक बॅट एकाच छताखाली आहे. दीडशे डॉलरची असो की साडेचारशेची, त्या छताच्या वर कुणालाच जाता येत नाही. मग जास्त पैशांत काय मिळतं? चेंडू थोडा इकडेतिकडे लागला तरी बरा जातो, हाताला झिणझिण्या कमी येतात, बॅट फिरवायला सुबक वाटते. या गोष्टी खऱ्या आहेत, मी त्या नाकारत नाही. पण चेंडू अमुक फूट लांब जाईल असं जे मुलांच्या मनात असतं, ते महागड्या बॅटमधून येत नाही. कुठल्या कंपनीची घ्यावी याचीही फार काळजी करू नका. लुईव्हिल स्लगर आणि डीमरिनी ही दोन्ही नावं विल्सनकडे आहेत, ईस्टन रॉलिंग्जनं विकत घेतली, व्हिक्टस मारुचीकडे गेली. सहा नावं, घरं तीनच. सगळ्यांच्या बॅटी चांगल्या असतात.

चेंडू लांब जातो तो बॅट वेगानं आणि वेळेवर आली म्हणून. इथे तुमच्या मिस्टरांशी बोलायला हवं.

त्यांचं म्हणणं चुकीच्या जागेवरून आलेलं नाही. वेग तेवढाच राहिला तर जड बॅटनं चेंडू जास्त जोरात जातो, हे खरंच आहे. पण चौदा वर्षांच्या मुलाच्या हातात वेग तेवढाच राहत नाही. क्रिकेटची बॅट साधारण बाराशे ग्रॅमची. तिची सवय असलेल्या माणसाला आठशे ग्रॅमची बेसबॉल बॅट हलकी वाटणारच. मात्र ड्राइव्ह मारताना बॅट वरून खाली येते, तिचं वजनच तिला चेंडूकडे आणतं. बेसबॉलमध्ये बॅट खांद्याजवळून निघून आडवी फिरते, तिथे वजन मदतीला येत नाही, सगळं अंगाला करावं लागतं. व्हर्सिटीचा, म्हणजे शाळेच्या मुख्य संघाचा, चांगला पिचर ताशी ८० मैलांनी टाकतो. अंतर ६० फूट ६ इंच, आणि पिचर पाऊल पुढे टाकून सोडतो म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमी. चेंडू टप्पा न पडता अर्ध्या सेकंदाच्या आत अंगाशी येतो. त्यातला अर्धा वेळ बघण्यात जातो. उरलेल्या वेळात बॅट निघायलाही हवी, आणि चेंडू वाईट आहे असं दिसलं तर मध्येच थांबायलाही हवी. जी बॅट थांबवता येत नाही ती त्या मुलासाठी जड आहे.

जड बॅटचा मोठा माणूस बेसबॉललाही होता. बेब रूथ ४० औंसांपेक्षा जड बॅट वापरायचा. आज मेजर लीगमधले, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमधले, बहुतेक खेळाडू ३१ ते ३३ औंसांवर आले आहेत, आणि ती सगळी व्यायाम केलेली, दोनशे पौंडांची माणसं आहेत. सचिन जड बॅटनं खेळला हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पण ते सचिनचे हात, सचिनचं टायमिंग. तुमचा मुलगा ११८ पौंडांचा आहे, आणि त्याला येत्या मार्चमध्ये खेळायचं आहे.

एक प्रयोग दोघांनी मिळून मुलासमोर करा. घरातली जुनी बॅट हँडलला धरून दोन-चारदा फिरवा. मग उलटी धरा, जाड बाजू हातात आणि नॉब (हँडलच्या टोकाची गाठ) पुढे, आणि तशीच फिरवा. एकदम हलकी लागेल. वजन तर तेच, काट्यावर ठेवाल तर एक ग्रॅमचाही फरक नाही. बदललं ते वजन कुठे आहे एवढंच. याला ‘स्विंग वेट’ म्हणतात आणि हे बॅटवर छापलेलं नसतं. छापलेला आकडा ३० औंस असलेल्या दोन बॅटींतली एक सहज फिरते आणि दुसरी टोकाला ओढते, ती या कारणानं. टोकाकडे वजन ठेवलेल्या बॅटला ‘एंड-लोडेड’ म्हणतात. ती ताकदीनं मारणाऱ्या मोठ्या मुलांसाठी. वजन हाताकडे वाटलेली ती ‘बॅलन्स्ड’. सेकंड बेसच्या, चेंडू गॅपमध्ये काढणाऱ्या मुलाला पहिली बीबीकॉर बॅट बॅलन्स्डच हवी. लांबी वाढली की वजन आपोआप आणखी पुढे जातं, म्हणून ३३ इंची ३० औंसाची बॅट आकड्यापेक्षा बरीच जड लागते.

आपल्याकडे शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा शिवतात. बाही दुमडता येते, दोन वर्षांनी उलगडता येते. बॅट दुमडता येत नाही. मोठी बॅट घेतलीत तर मुलगा तिच्याएवढा होईपर्यंत थांबत नाही. तो तिला पुरं पडायला आपला स्विंग बदलतो. हात खाली पडतात, मागचा खांदा झुकतो, बॅटचं टोक चेंडूच्या खालून जातं. या सवयी लागल्या की पुढे अंगात ताकद आली तरी जात नाहीत. त्या सोडवण्यात जे वर्ष जाईल त्याच्यापुढे वाचलेले शंभर-दोनशे डॉलर काहीच नाहीत. आणि चार वर्षं एक बॅट पुरते हा हिशोबही खरा नाही. रोज वापरलेली बॅट दोन हंगाम चांगली गेली तर भाग्य समजा, बारावीपर्यंत त्याला ३३ इंची कधीतरी लागेलच, तेव्हा घ्या.

३१ का, ३२ का नाही? कारण त्याच्यासाठी लांबी न वाढताही उडी मोठीच आहे. ३१ इंचांतच तो २३ औंसांवरून २८ औंसांवर जाणार, म्हणजे सुमारे १४० ग्रॅम जास्त. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तरी दुकानात दोन्ही लांबी हातात घेऊन बघा. बॅटचा नॉब छातीच्या मधोमध टेकवायला सांगा आणि बॅट समोर, हाताला समांतर. तळवा टोकापर्यंत पोचून बोटं त्याच्यावर वळली पाहिजेत. मग एका हातात नॉबजवळ धरून हात बाजूला सरळ, जमिनीला समांतर. वीस-तीस सेकंद. टोक खाली यायला लागलं, मनगट थरथरलं, की ती त्याची नाही. या चाचण्या ढोबळ आहेत. खरी परीक्षा चेंडूवर होते. मोठ्या क्रीडा दुकानांतून छोटा केज, म्हणजे सरावाचा जाळीचा पिंजरा, असतो, तिथे दहा-पंधरा चेंडू मारू देतात. फोनवर स्लो मोशनमध्ये शूटिंग घ्या. पहिले पाच चेंडू सगळेच छान मारतात. बाराव्या-तेराव्या चेंडूला हात कुठे आहेत ते बघा. उजव्या हातानं खेळतो म्हणालात; तर त्याचे फाउल (रेषेबाहेर जाणारे फटके) सारखे पहिल्या बेसच्या बाजूला जात असतील तर बॅट उशिरा येते आहे. तेव्हा एक इंच कमी करा.

दुकानात जायच्या आधी एक फोन किंवा ईमेल शाळेच्या कोचना. बऱ्याच शाळांकडे टीमच्या बॅटी असतात, मुलांना वापरून बघता येतात. डगआउटमध्ये, म्हणजे संघाच्या बसायच्या जागी, मुलंही एकमेकांना बॅट देतात. त्या मित्राची ३३ इंची बॅट घेऊन याला केजमध्ये वीस चेंडू मारू दे. त्याला स्वतःलाच पुष्कळ कळेल, आणि आईबाबांनी नाही म्हटलं ही सल राहणार नाही.

आता धातू की कॉम्पोझिट. न्यू जर्सीत असल्यामुळे हा प्रश्न जवळजवळ तुमच्यासाठी हवेनंच सोडवला आहे. कॉम्पोझिट म्हणजे कार्बनच्या तंतूंचे थर रेझिननं चिकटवलेले. छान बॅट होते, झिणझिण्या फार कमी. पण नवीकोरी असताना ती आखडलेली असते. दीड-दोनशे चेंडू मारून, प्रत्येक फटक्यानंतर थोडी फिरवून, ती मोकळी करावी लागते. आणि थंडी तिला सोसत नाही. साधारण ६० अंश फॅरनहाइटच्या खाली कॉम्पोझिट बॅट वापरू नका असं उत्पादकच सांगतात, कारण गारठलेला चेंडू दगडासारखा कडक होतो आणि बॅटला तडा जातो. मार्चमध्ये तुमच्याकडे दुपारी चार वाजता मैदानावर काय हवा असते ते तुम्हाला माहीत आहे. ट्रायआउट्स आणि पहिले कित्येक सामने त्याच थंडीत होणार. अलॉय पहिल्या दिवसापासून तयार असते, थंडीत टिकते आणि खराब झाली तर पोचा पडून दिसते. कॉम्पोझिटचा तडा केसाएवढा असतो, आणि बऱ्याचदा आधी आवाजच बदलतो: टणक ठोक्याच्या जागी फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज. केजमधल्या यंत्राचे खड्डे-खड्डे असलेले पिवळे रबरी चेंडूही कॉम्पोझिटला वाईट.

अलॉयची एक अडचण आहे. थंडीत चेंडू हँडलजवळ लागला की दोन्ही तळव्यांना जबर झिणझिण्या येतात, आणि एकसंध बॅटीत त्या जास्त. दोन-तीनदा असं झालं की मुलं बिचकून अर्धवट स्विंग करतात. त्यावर चांगले बॅटिंग ग्लव्हज आणि थोडी जाड ग्रिप हा पुरेसा उपाय आहे. फारच त्रास झाला तर पुढच्या वर्षी अलॉयचं बॅरल (पुढचा जाड भाग) आणि कॉम्पोझिटचं हँडल असलेली दोन तुकड्यांची ‘हायब्रिड’ बघा.

सेकंडहँडचा विचार तुम्ही लिहिलेला नाही, पण किंमत बघून मनात येईलच, म्हणून. ओळखीच्या घरातून, मूळ पावतीसकट मिळाली तर जरूर घ्या. अनोळखी माणसाकडून ऑनलाइन नको. काही लोक बॅट रोलरमध्ये दाबून किंवा आतून पत्रा तासून घेतात, म्हणजे ती शिक्क्याच्या मर्यादेच्या बाहेर जाते. ती बेकायदा तर आहेच, आणि समोर उभा असलेला पिचरही कुणाचा तरी मुलगा आहे. दुसरं, शिक्का असूनही एखाद्या बॅटची मान्यता नंतर रद्द होऊ शकते. २०१९ मध्ये लुईव्हिल स्लगरच्या मेटा या बॅटची ३३ इंची आवृत्ती अशीच बाद झाली होती. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या स्पोर्ट्स सायन्स प्रयोगशाळेची मान्य बॅटींची यादी इंटरनेटवर आहे. घ्यायच्या आधी मॉडेलचं नाव त्यात बघायला दोन मिनिटं लागतात. स्वस्तात चांगली बॅट हवी असेल तर त्याहून सोपा रस्ता म्हणजे गेल्या वर्षीचं मॉडेल, नवं. नवी मॉडेल्स आली की जुन्यांच्या किमती उतरतात. बदललेला असतो बहुधा रंग, आणि वॉरंटी पुरी मिळते.

याच महिन्यात घ्या असं म्हणते ते त्या १४० ग्रॅमसाठी. मार्चमध्ये नवी बॅट हातात देऊन ट्रायआउटला पाठवणं म्हणजे त्याच्यावर अन्याय आहे. आता घेतलीत तर हिवाळाभर आठवड्यातून तीन दिवस, बेसमेंटमध्ये किंवा गॅरेजमध्ये टी (चेंडू ठेवायचा उभा दांडा) लावून, जाळीत पन्नास-पन्नास चेंडू. घाई नाही, प्रत्येक फटक्याला पाय परत लावून. महिन्याभरानं आठवड्यातून एकदा केज. मार्चपर्यंत २८ औंस त्याच्या अंगाचे होतील. यात मिस्टरांना घ्या. टीवर चेंडू ठेवायला, बाजूनं हलके चेंडू टाकायला माणूस लागतोच, आणि ज्यानं कांगा लीगच्या पावसात, ओल्या विकेटवर बॅटिंग केली आहे त्याला चेंडू शेवटपर्यंत बघणं म्हणजे काय ते शिकवता येतं. दोन्ही खेळांत ते एकच आहे.

मुलाला मित्राचीच बॅट हवी आहे, याला हट्ट म्हणून उडवून लावू नका. नवी शाळा, मोठी मुलं, रॅकमध्ये सगळ्यांच्या बॅटी ओळीनं उभ्या. आपली बॅट तिथे उठून दिसावी असं चौदाव्या वर्षी वाटतं. लांबी, वजन आणि किंमत तुम्ही ठरवा. त्यात बसणाऱ्या तीन-चार बॅटींपैकी कुठली, कुठल्या रंगाची, हे पूर्णपणे त्याच्यावर सोडा. ग्रिपची टेपही त्यालाच निवडू दे. आणि त्याला हेही सांगा की ट्रायआउटला कोच बॅटचं नाव बघत नाहीत. सेकंड बेसच्या मुलाचे पाय चेंडूच्या मागे जातात का, थ्रो सरळ आहे का, फटका फसला तरी पहिल्या बेसकडे जीव तोडून निघाला का, हे बघतात.

सासऱ्यांच्या पैशांतून बॅट घेऊन उरतील त्यात बॅटिंग ग्लव्हज, नीट बसणारं हेल्मेट आणि कप, म्हणजे क्रिकेटमधला गार्ड, घ्या. सेकंड बेसवर जमिनीवरून उसळणारे चेंडू सतत अंगावर येतात आणि मुलं लाजून कप घालत नाहीत, म्हणून हे वडिलांनी सांगितलेलं बरं. त्यातूनही काही शिल्लक राहिलं तर केजच्या तासांना लावा. बॅटची पावती आणि तिचा फोटो, दोन्ही जपून ठेवा. वॉरंटी सहसा एक वर्षाची असते, आणि पावतीशिवाय ती मिळत नाही.